ढिगावरचे दगड

आई, मागच्या आवारात सकाळी तूच येऊन राहिली का, एवढं एकच मला विचारायचं आहे. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, कारण मेलेल्या माणसाशी बोलायची आपल्या घरात पद्धत नाही. आजोबा दीक्षा घेऊन आले त्या दिवशी घरातले देव गेले आणि त्यांच्या मागोमाग भुतंही गेली, असं तूच सांगायचीस. शेजारच्या बाईच्या अंगात आलं की बाकीच्या बाया हात जोडायच्या आणि तू तिला तांब्याभर पाणी देऊन म्हणायचीस, "बस वं जराशी, थकली असशील." गेलेलं माणूस गेलं, त्याचं चांगलं तेवढं आठवायचं आणि कामाला लागायचं. त्यामुळे पन्नाशीला टेकलेली तुझी पोरगी तुला असलं काही विचारते आहे, हे कुणाला सांगायची चोरी झाली आहे. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो म्हणेल, बीपी चेक करून घे. आणि हो, शाळेत शिकवलं तसं मला-तुला लिहिते आहे, मले-तुले नाही. हसू नकोस.

ते आवार तू विसरणं शक्यच नाही. धरमपेठेच्या अंगाची ती मोठी संस्था, पुढे हिरवळ आणि गुलमोहर, मागे जुन्या मेसच्या भिंतीशी सागाची झाडं. सगळ्या बाया पुढचं काम मागून घ्यायच्या, कारण पुढे साहेब लोकांची ये-जा, कुणी चहा विचारतं, कुणी दिवाळीला मिठाईचा डबा देतं. मागे काय, तर सागाची ताटाएवढी पानं आणि त्यांच्याखाली विंचू. तू आणि मावशी, नात्याची नाही, कामावरची, मात्र हट्टाने मागचंच घ्यायच्या. झाडणाऱ्या बायांच्या जोड्या असतात, तशी तुमची जोडी. तू डावखुरी, ती उजवी. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि खराटा ओढत ओढत उलट्या, मागे मागे यायच्या. पुढे चालत झाडलं तर झाडलेल्यावर आपलेच पाय उमटतात, म्हणून उलटं. तुझ्या रेषा एकीकडे वळलेल्या, तिच्या दुसरीकडे, आणि मधोमध त्या वेणी घातल्यासारख्या एकमेकींत जायच्या. काम संपेपर्यंत तुम्ही मागच्या फाटकाशी पोचलेल्या असायच्या, आणि आवारात पाऊल म्हणून एक नाही. कुणी पाहिलं तर म्हणावं, माणूस आलंच नाही इथे.

मी चौथीत आहे. तिमाहीत पहिली आले आहे आणि कागद फडफडवत मागच्या फाटकातून सरळ तुझ्याकडे धावत सुटले आहे. तू कागदाकडे बघतच नाहीस. तुझी नजर माझ्या पायांकडे. "थांब. एक पाय पुढं नको टाकू." मी थांबते. तू खराटा माझ्या हातात देतेस. "आली तशी उलटी जा, अन् आपले पाय आपनच झाडत जा." मी रडत रडत मागे जाते, खराटा माझ्याहून उंच, आणि मावशी पदर तोंडावर धरून हसते आहे. "सोड वं तिले, लेकरू हाय." तू म्हणालीस, "लेकरू हाय म्हनूनच सांगून राहिली. मोठी झाल्यावर कोनाचं आयकते?" संध्याकाळी तो कागद तू दोनदा वाचून घेतलास शेजारच्या पोराकडून, आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलास. पण मला आठवतं ते फाटकापर्यंतचं अंतर. माझा राग अजून गेलेला नाही, सांगून ठेवते.

आणि दगड. फागुनात वारा सुटतो, तासाभराची मेहनत एका झपाट्यात अंगणभर होते. म्हणून तुम्ही भिंतीच्या कडेला लहान लहान ढीग लावायच्या आणि प्रत्येक ढिगाच्या डोक्यावर एक दगड ठेवायच्या, नंतर सगळे ढीग एकदम चादरीत भरून उचलायला. बाकीच्या जोड्या मोठा एक ढीग करायच्या, त्यावर फांदी टाकायच्या. दगडवाली जोडी तुमची एकच. दगडही ठरलेले. मावशीने ते भिवापूरकडच्या आपल्या माहेरच्या नदीतून आणले होते, मिरचीच्या पोत्यात घालून. पोतं उघडलं की सगळ्या आवाराला ठसका. गोल, काळे, हातात मावणारे. मला ती मास्तरीण म्हणायची. माझे केस विंचरायची तीच, तुझ्या हाताला वेळ कुठे होता.

तू गेलीस तेव्हा तिने काय केलं ते तुला कळलं नसेल, म्हणून लिहिते. मला तुझ्या जागी घ्यायला संस्थेला महिना लागला. तो महिनाभर तिने तुझा अर्धा भागही झाडला, एकटीने, पहाटे तासभर आधी येऊन. का, तर जागा रिकामी दिसली तर दुसरी कुणी घुसेल. मी म्हटलं, मावशी, कशाला एवढं. तर म्हणाली, "तुयी माय मांगून येऊन राहिली असं समजतो मी. रेषा तं मलेच दोन्हीकडच्या माराव्या लागते." मग हसली. तुझ्यानंतर मी तिची जोडीदारीण झाले, अकरा वर्षं. माझा हात उजवा, तिचाही उजवा, वेणी काही पडली नाही. त्याचं ती कधी बोलली नाही.

आता माझं पाप सांगते. तीन वर्षांपूर्वी संस्थेने मशीन आणली. गवत कापायची बसायची गाडी असते तशी, आणि तिच्या मागे ओढायची ट्रॉली. ट्रॉलीवर वेगळं इंजिन, आत लोखंडी पंखा, आणि गाडीच्या पोटापासून ट्रॉलीपर्यंत हा एवढा जाड पाइप. पानांवरून गाडी नेली की पाइप पानं ओढून घेतो, पंखा त्यांचा चुरा करतो आणि चुरा मागच्या ताडपत्रीच्या पेटीत पडतो. पेटी भरली की खताच्या खड्ड्याशी नेऊन दांडा ओढायचा, झालं. बायांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव हत्ती ठेवलं, सोंड आहे म्हणून. कंपनीचा माणूस तासभर माळ्यांना समजावत होता, माझ्याकडे बघतही नव्हता. माळी म्हणाले, आमच्याच्यानं नाही होणार. मग मी म्हटलं, मी बसते. बसले, चालवली, वळवली, पाइपमध्ये ओली पानं अडकली तर इंजिन बंद करून, पंखा थांबेपर्यंत वाट बघून काढून दाखवली. सगळे बघत होते. साहेब खूश. बागेचे साहेब, अजून तेच आहेत. त्यांनी विचारलं, "बाई, हिच्यासोबत झाडायला किती बाया लागतील?" आणि मी, आई, त्या गाडीवर बसल्या बसल्या म्हटलं, "एकही नाही."

कुणी मला म्हणायला लावलं नव्हतं. दोन म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माणसं बघत होती ना! मान ताठ करून म्हटलं. दिवाळीनंतर बाकीच्या सहा बायांना येऊ नका सांगितलं, आणि मावशीलाही.  तिच्या वाट्याचा खराटा तिने मेसच्या भिंतीला उभा करून ठेवला आणि मागच्या फाटकाने गेली. तेव्हापासून सक्करदऱ्याच्या बाजारात त्या बाया भेटल्या की भाजीकडे बघतात. मावशीचं घर माझ्या घरापासून चार गल्ल्या. आज जाईन, उद्या जाईन असं करत तीन वर्षं गेलीच नाही. काय तोंड घेऊन जाणार होते? आणि तुला खोटं कशाला सांगू, मला ती मशीन आवडते. नाकात धूळ नाही, पाठ दुखत नाही, लोक वळून बघतात. कानाला हेडफोनसारखे ते जाड गोळे लावते आणि तीन तास माझे मी असते.

या महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मी सहाला आले. मुख्य गेटने, गाडी लावली, हत्ती काढला, पुढची हिरवळ केली आणि मागे वळवला. आणि ब्रेक दाबला. मागचं आवार झाडलेलं होतं. सागाखालून फाटकापर्यंत खराट्याच्या रेषा, भिंतीच्या कडेला ढीग, आणि प्रत्येक ढिगावर काळा गोल दगड. मी दोन्ही इंजिनं बंद केली. कानाचे गोळे काढले. एकही पक्षी बोलत नव्हता, हे मला नंतर आठवलं. रेषा उलट्या होत्या, आई. डाव्या हाताच्या. मी खाली उतरले, पण झाडलेल्यावर पाय टाकायचा धीर होईना, कडेकडेने गेले. पाऊल नव्हतं. रेषा मागच्या फाटकाशी जाऊन संपत होत्या, आणि फाटकाला तेच जुनं कुलूप, गंजलेलं, त्यावर कोळ्याचं जाळं शाबूत. त्या कुलपाची चावी जगात एकच आहे. तू शेवटच्या आठवड्यात उशीखालून काढून मला दिली होतीस ती. "ठेव. साहेबाले मालूम नाही, अन् मालूम करू नको." ती माझ्या पर्समध्ये होती.

एक दगड उचलला. दगड वरून कोरडा आणि खालचं पान दवाने ओलं. म्हणजे दव पडून गेल्यावर ठेवलेला. म्हणजे मी पुढे हिरवळीवर गाडी फिरवत होते तेव्हा. मला भीती वाटली. आपल्या घरात हे वाक्य बोलायची सोय नाही, पण वाटली.  आणि लगेच, त्याच श्वासात म्हण, इतका आनंद झाला की मी तिथेच भिंतीला टेकून रडले. म्हटलं, आली. चौदा वर्षांनी का होईना, माझ्याकडे आली.

मग रोज. पुढची हिरवळ करताना कानावर गोळे असायचे, इंजिन पोटाखाली थरथरत असायचं, आणि त्या सगळ्याच्या खालून मला खराटा ऐकू यायचा. खर्र, थांबणं. खर्र, थांबणं. गोळे काढले की बंद. लावले की सुरू. इंजिन बंद करून धावत मागे जावं तर रेषा झालेल्या, माती अजून बसायची असायची. एकदा जमिनीपासून वीतभर उंच धूळ तरंगताना मी या डोळ्यांनी पाहिली, आणि वारा नव्हता. मी काय केलं ठाऊक आहे? थर्मासमधून गुळाचा काळा चहा नेऊ लागले, तुला लागतो तसा, आणि मेसच्या ओट्यावर कप ठेवू लागले. नैवेद्य नाही बरं का. चहा. पाहुण्याला विचारतो तसा. रोज कप भरलेलाच परत मिळायचा, वर साय धरल्यासारखी धूळ. म्हटलं रुसली असेल, मशीनवरून. मी बोलूही लागले. पोराचं लग्न ठरतंय, गुडघे दुखतात, असलं काहीबाही. पन्नाशीची बाई सागाशी बोलून राहिली. लोकांनी पाहिलं असतं तर थेट मेडिकलला भरती केलं असतं.

रोज मी दगड उचलून बाजूला ठेवायची आणि मग ढिगांवरून गाडी न्यायची. दगड आत गेला तर पंखा जातो, एवढं त्या कंपनीच्या माणसाने दहा वेळा सांगितलं होतं. एक दिवस रात्री वारा झाला असावा. एका ढिगावरचा दगड पानांनी झाकला गेला आणि मला दिसला नाही. असा आवाज झाला, आई, बंदूक सुटावी तसा. पंख्याचं पातं तुटलं आणि तुकडा ताडपत्री फाडून माझ्या खांद्याच्या वरून मेसच्या भिंतीत घुसला. चार बोटं खाली असता तर आज तुला पत्र लिहायची गरज पडली नसती, समोरासमोरच बोललो असतो.

साहेबांनी मला बोलावलं. तो दगड त्यांच्या टेबलावर. "हे मुद्दाम केलेलं काम आहे बाई. पानात दगड लपवला. आपल्या नदीनाल्याचाही नाही हा." दगड त्यांनी माझ्याकडे सरकवला. "गेटचा कॅमेरा पाहिला मी. सहाच्या आधी कोणी आत आलं नाही. तूच येते फक्त. मागच्या फाटकाची चावी कोणाजवळ आहे?" चावी माझ्या काखेतल्या पर्समध्ये, मला तिचं वजन जाणवत होतं. "माहीत नाही साहेब." "मग तुझ्यावर लिहू का?" आणि मी म्हटलं, "मावशी असेल. असा दगड फक्त तीच ठेवते." पूर्ण नाव सांगितलं. पत्ता सांगितला, गल्ली, घराचा रंग. साहेबांनी लिहून घेतलं.

रेषा डाव्या हाताच्या आहेत हे मला माहीत होतं. मावशीचा हात उजवा हेही माहीत होतं. पण तुझं नाव कसं सांगू? मेलेल्या बाईवर कुणी रिपोर्ट लिहीत नाही. जिवंत बाई एकच होती, तिचं सांगून मोकळी झाले. ज्या बाईने माझ्यासाठी महिनाभर दोन माणसांचं अंगण झाडलं, तिचं. दारातून बाहेर आले, पण साहेबांकडे परत जाऊन शब्द मागे घेतला नाही. जेवणाची सुट्टी झाली आणि मी डबा खाल्ला. भाजी आठवते, वांग्याची होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चौकीदाराला कागद देऊन तिच्या घरी पाठवलं, आवारात यायला मनाई आहे म्हणून. तो तासाभरात परत. माझ्यासमोरच साहेबांना म्हणाला, "साहब, वो अम्मा तो जनवरी में ही चल बसी. घर में फोटो को हार लगा है. मेरे को तो शरम आई कागज निकालने को." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मेलेल्या माणसाचं नाव घेतं का कोणी?" एवढंच म्हणाले, मेमो दिला, पंखा दुरुस्त करायला लावला. मला मेमोचं काही नाही. जानेवारीत, आई. चार गल्ल्यांवर. तिची मौत झाली, तेरवीचं जेवण झालं, गल्लीत मंडप पडला असेल, आणि मला निरोपही नाही. सहाच्या सहा बाया गेल्या असतील. पोळ्या लाटल्या असतील बसून. त्यांच्या हिशेबी मी सांगण्यातली राहिलेच नव्हते.

त्या रविवारी गेले. तिची सून दारात उभी, ओढणीला हात पुसत. मला ओळखलं तिने, पण हाकलून दिलं नाही. तेवढं माणूसपण मावशीच्या घरात असणारच. "बसा ताई," म्हणाली, पाणी दिलं. फोटोत मावशी ओळखू येत नव्हती, फोटोग्राफरने गोरी करून ठेवली होती. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं गं. "हो," ती म्हणाली. कागदाचं तिने काढलं नाही. मीही नाही. चौकीदाराने काढलाच नसेल, असं धरून बसले. मग मीच विचारलं, काय झालं होतं.

"काम सुटलं तवापासून बसल्या त्या बसल्याच," सून म्हणाली. "मांगच्या आखाडात लकवा मारला. उजवं अंग गेलं पुरं. बोलनंही गेलं. पन हा हात चालू होता, डावा. दिवसभर पलंगाच्या कडेले असा, असा. आमी म्हनो काही मागून राहिल्या. पानी देल्लं, गोधडी देल्ली, काहीच नाही. मंग आमच्या मालकाच्या ध्यानात आलं का झाडून राहिल्या. हातात फडा देल्ला तं शांत झाल्या." तिने स्वतःच्या डाव्या हाताने करून दाखवलं. हवेत, दारातल्या उन्हात. बाहेरून आत, थांबणं. बाहेरून आत, थांबणं. "अन् उशाशी कपड्याची घडी ठेवली का तिच्यावर पेला ठेवत. उडून जाईल म्हनून. आता घरात कायचा वारा, ताई? फॅन तं बंदच राहे."

मी पाणी पिऊन उठले. गाडी सुरू केली आणि सक्करदऱ्याच्या तलावापाशी बंद केली, कारण हँडल धरवेना.  सोमवारी सकाळी आवारात गेले आणि पहिल्यांदा त्या रेषा नीट पाहिल्या. इतके दिवस मी पाहिल्याच नव्हत्या, फक्त डावीकडे वळतात एवढं पाहून रडत होते. तुझी रेष लांब असायची, एका दमात ओढलेली. या आखूड आहेत. मधेच तुटतात, कुठे माती जास्त खरवडली आहे, कुठे खराटा नुसता टेकला आहे. सवय नसलेल्या हाताच्या रेषा आहेत या. जिद्दीने मारलेल्या. आणि दगड तर तिच्याच माहेरचे. खोटं म्हणून मी साहेबांसमोर जे नाव घेतलं, ते खरं निघालं.

म्हणजे तू आलीच नव्हतीस. तू मेलीस ती मेलीस, तुझ्या नियमाप्रमाणे, चांगलं तेवढं मागे ठेवून. माझ्या गुडघ्यांचं आणि पोराच्या लग्नाचं मी जिला सांगत होते ती दुसरीच होती, आणि ती ऐकत होती, आणि तिला माझ्या तोंडून काय ऐकायचं होतं ते मी एकदाही बोलले नाही. तुझी मला भीती वाटली ती पाहुणा अचानक दारात यावा तेवढीच. तिची वाटते ती वेगळी. ती मला काही करत नाही. रोज येते, काम करते, जाते. तिला कुणी येऊ नको सांगितलं होतं हे जणू तिला कळलंच नाही, किंवा कळलं आणि मानलं नाही. पगार नाही, हजेरी नाही, एक अंग नाही, आणि बाई कामावर येऊन राहिली. आणि मी हत्तीवर बसून तिच्या मागून तिचे ढीग गिळत फिरते.

आज सकाळीही होत्या रेषा. आता कानाला गोळे न लावताही ऐकू येतं. मी मागच्या आवाराच्या तोंडाशी गाडी थांबवते, खाली उतरते, एकेक दगड दोन्ही हातांनी उचलते. मग बराच वेळ उभी राहते. बोलायचं असतं. ओठापर्यंत येतं आणि मी म्हणते, उद्या. मग दोरी ओढून पंखा सुरू करते, आणि आवाजात सगळं बुडून जातं, ते बरं वाटतं.

हे पत्र मी टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. पण एक सांगून टाकते. पहिली ओळ लिहिली तेव्हाच मला माहीत होतं सकाळी कोण येतं. तरी तुला विचारलं, कारण तुला लिहिणं सोपं आहे. मी तुझी लेक आहे, तू रागावून रागावून किती रागावशील. याच्याआधी दोन रात्री वही घेऊन बसले होते. दोन्ही वेळा कागदावर वर 'मावशी' एवढं लिहिलं, आणि पुढे हात चालला नाही.